नियमाची संहिता आणि अर्थनिश्चितीचा क्षण

विल्यम एम्पसन यांचा संदिग्धतेच्या सात प्रकारांवरील ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून साहित्यसमीक्षेत 'संदिग्धता' हा शब्द फारसा दोषवाचक राहिलेला नाही. मम्मटाने 'संदिग्ध' हा काव्यदोषांत गणला होता; नवसमीक्षेने त्याच गोष्टीला कवितेच्या समृद्धीची खूण मानले, आणि नंतरच्या वाचककेंद्री व विरचनावादी विचाराने तर अर्थाचे लांबणीवर पडणे हा भाषेचा स्वभावच ठरवला. आपल्या विद्यापीठीय वर्गांतून हा सारा प्रवास इतक्या सवयीने सांगितला जातो की, अर्थ अनिश्चित राहिल्यामुळे कोणाचे काही बिघडू शकते, हा प्रश्नच आपल्याला सुचेनासा झाला आहे. कवितेच्या संदर्भात तो सुचण्याचे कारणही नाही. एका ओळीचे दोन अर्थ लागले तर दोन्ही वाचक संपन्न होतात. त्यांपैकी कोणी हरत नाही.

ज्या संहितेचा एक अर्थ मान्य झाला की समोरचा माणूस हरतो, अशी संहिता तपासल्याखेरीज संदिग्धतेचा नैतिक प्रश्न नीट मांडता येणार नाही. कायदा ही अशी संहिता आहे, धर्मशास्त्रही आहे. परंतु कायद्यामागे शासनसंस्था उभी असते आणि धर्मशास्त्रामागे श्रद्धा. त्यामुळे निर्णयात शब्दाचे बळ किती आणि सत्तेचे बळ किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. म्हणून येथे एक दिसायला क्षुल्लक संहिता घेतली आहे : संग्राह्य पत्त्यांच्या खेळाची. 'मॅजिक : द गॅदरिंग' हा या प्रकारातला पहिला मोठा खेळ. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला आणि अमेरिकेतील विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. समीक्षेच्या नियतकालिकात पोरखेळाची चर्चा कशाला, असा आक्षेप संभवतो. गाडामरने 'सत्य आणि पद्धती'त (१९६०) अर्थनिर्णयनाचा विचार करताना क्रीडेची संकल्पना मध्यवर्ती मानली आणि विधिशास्त्रीय अर्थनिर्णयनाला आदर्शाचे स्थान दिले, एवढे स्मरण या आक्षेपाला पुरेसे व्हावे. या खेळात त्या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर भेटतात.

मेंढीकोट किंवा लॅडीस यांसारख्या आपल्या परिचित खेळांत पत्त्यावर मजकूर नसतो. बदामाच्या दश्शीला काय करता येते हे तिच्यावर लिहिलेले नसते. ते खेळणाऱ्यांच्या स्मृतीत असते. घराघरांतून पाठभेद असतात, आणि हुकूम कोणत्या पद्धतीने ठरवायचा हे पाने वाटण्यापूर्वी विचारून घेण्याचा शहाणपणाही असतो. मॅजिकमधील पत्ता मात्र बोलतो. प्रत्येक पत्त्यावर एक-दोन वाक्ये छापलेली असतात आणि ती वाक्ये म्हणजेच नियम. पहिल्या संचात २९५ पत्ते होते. आज परस्परांहून भिन्न पत्त्यांची संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली आहे. प्रत्येक गडी स्वतःच्या मालकीच्या पत्त्यांतून सामान्यतः किमान साठ पत्त्यांचा जोड बांधून आणतो. खेळाचे आद्य तत्त्व असे की, पत्त्यावरचा मजकूर आणि सर्वसाधारण नियम यांत विरोध आला तर पत्ता प्रमाण. उत्सर्ग आणि अपवाद यांचा संबंध सांगणारे हे जुनेच तत्त्व आहे. फरक इतकाच की येथे अपवाद हजारोंनी आहेत आणि ते एकमेकांना आयुष्यात प्रथमच, ऐन डावात भेटतात. मराठीत पुस्तकाचेही पान आणि पत्त्यांतलेही पान. हा श्लेष या खेळात शब्दशः खरा झाला आहे.

प्रकाशनापूर्वीच्या चाचणी-खेळांतील एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका गड्याने सांगितले की, आपल्याकडे एक असा पत्ता आहे की तो टाकला की पुढच्या पाळीत आपण हमखास जिंकतो. पत्ता पाहिला तर त्यावर मजकूर होता, 'अपोनन्ट लूजेस नेक्स्ट टर्न'. लेखकाला म्हणायचे होते की, प्रतिस्पर्ध्याची पुढची पाळी बुडते. वाचणाऱ्याने वाचले की, प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत हरतो. हाच पत्ता पुढे 'टाइम वॉक' या नावाने छापला गेला तेव्हा त्याची शब्दरचना बदलून, टाकणाऱ्याने या पाळीनंतर आणखी एक पाळी घ्यावी, अशी करण्यात आली. मराठी वाचकाच्या लक्षात येईल की ही विशिष्ट संदिग्धता आपल्या भाषेत उद्भवतच नाही. 'पुढची पाळी गमावतो' आणि 'पुढच्या पाळीत हरतो' यांत कर्म आणि अधिकरण यांची रूपेच वेगळी आहेत. इंग्रजीत तेच दोन शब्द कर्म म्हणूनही बसतात आणि कालवाचक क्रियाविशेषण म्हणूनही. अर्थात यावरून मराठी ही नियमलेखनाला अधिक योग्य भाषा ठरते असे नाही. 'मी त्याला धावताना पाहिले' या वाक्यात धावतो कोण, हे कोणत्याही विभक्तीने सुटत नाही. प्रत्येक भाषेची संदिग्धतेची ठिकाणे वेगळी असतात, इतकेच.

टाइम वॉकच्या प्रसंगात निर्णय सोपा होता, कारण लेखक हाताशी होता आणि डाव चाचणीचा होता. हेत्वाभासाची चर्चा करणारे विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली (१९४६) येथे मध्ये पडले असते तर कोणी त्यांचे ऐकले नसते. पण खेळ प्रसिद्ध होऊन जगभर गेला की लेखकाला विचारण्याची सोय उरत नाही, आणि मग शब्द एकटा पडतो. तो एकटा पडला की काय होते याचे उत्तम उदाहरण १९९४ च्या 'लेजंड्स' या संचातील 'फ्लोरल स्पझम' या प्राण्याचे. या प्राण्याने हल्ला केला आणि त्याला कोणी अडवले नाही, तर तो प्राणी प्रतिस्पर्ध्याची एखादी यंत्रवस्तू नष्ट करण्याचे 'ठरवू शकतो', अशी मूळ वाक्यरचना होती. कर्ता गडी नाही; कर्ता स्पझम. शब्दार्थाला चिकटून राहायचे तर पत्त्यावर चितारलेल्या प्राण्याच्या मनात काय आहे याची वाट पाहत दोघांनी बसून राहिले पाहिजे. गड्यांमध्ये हा विनोद वर्षानुवर्षे चालला. पण माझ्या मते त्यात विनोदापेक्षा अधिक काही आहे. हा शब्दार्थ कोणी गंभीरपणे मागितला नाही, कारण तो दोन्ही बाजूंना सारखाच निरुपयोगी होता. शब्दनिष्ठेचा आग्रह बहुधा तेव्हाच धरला जातो जेव्हा त्यातून एकाला काही मिळणार असते. म्हणजे 'शब्द की हेतू' हा वाद वरवर भाषाशास्त्रीय असला तरी तो उपस्थित होण्याचा क्षण मात्र हितसंबंधाने ठरतो.

येथे काळाचा प्रश्न येतो. या खेळात दोघांनाही एकमेकांच्या कृतीत मध्येच कृती घालता येते, आणि त्यांचा क्रम लावण्यासाठी १९९९ मध्ये, सहाव्या आवृत्तीच्या नियमांबरोबर, एक व्यवस्था आली. तिला इंग्रजीत 'स्टॅक' म्हणतात. आपण तिला चळत म्हणू. एकाने कृती जाहीर केली की ती चळतीवर ठेवली जाते; दुसऱ्याने उत्तरादाखल केलेली कृती तिच्यावर; आणि मग वरून खाली, म्हणजे शेवटी ठेवलेली सर्वांत आधी, अशा क्रमाने त्या फलद्रूप होतात. पंगतीच्या ताटांची चळत जशी वरून उचलतात तशी. बोलण्याचा क्रम आणि घडण्याचा क्रम येथे उलटे असतात.

आता २००७ च्या 'लोरविन' संचातील 'ऑब्लिव्हियन रिंग' हा पत्ता पाहू. त्यावर दोन वाक्ये आहेत. जेव्हा हा पत्ता पटावर येतो, तेव्हा पटावरील दुसरा एखादा (भूमी नसलेला) पत्ता हद्दपार करावा. जेव्हा हा पत्ता पट सोडतो, तेव्हा हद्दपार केलेला पत्ता परत आणावा. सामान्य वाचकाला अभिप्राय स्वच्छ कळतो : तुरुंगाधिकारी जागेवर आहे तोवर कैदी आत. परंतु वाक्ये दोन आहेत आणि स्वतंत्र आहेत. पहिली क्रिया चळतीवर थांबलेली असतानाच एखाद्याने ही अंगठी पटावरून काढली, तर दुसरी क्रिया तिच्यावर येऊन बसते आणि आधी घडते. तेव्हा परत आणण्यासारखे काहीच नसते, कारण अजून कोणी हद्दपार झालेलेच नाही. मग खालची पहिली क्रिया घडते आणि कैदी जातो. त्याला परत आणणारे वाक्य आधीच खर्ची पडलेले असल्याने तो कायमचा जातो. जाणकार गडी हे मुद्दाम घडवून आणतात; स्वतःची अंगठी स्वतःच योग्य क्षणी काढून घेतात.

ही लबाडी आहे काय? लेखकाचा हेतू या ठिकाणी अजिबात संदिग्ध नाही. तो सर्वांना ठाऊक आहे. शब्दही संदिग्ध नाही. दोन 'जेव्हा–तेव्हा' आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ एकेकटा घेतला तर स्पष्ट आहे. दोन स्पष्ट वाक्यांच्या कालक्रमातून हेतूविरुद्ध परिणाम निघतो, एवढेच. पंच येथे हेतूकडे पाहत नाहीत आणि परिणाम मान्य करतात. मीमांसकांच्या परिभाषेत बोलायचे तर साक्षात श्रुतीपुढे लिंग आणि प्रकरण दुर्बल ठरतात. पुढची घडामोड मला अधिक महत्त्वाची वाटते. कंपनीने जुन्या पत्त्याचा अर्थ बदलला नाही. २०१३ पासून तिने अशा पत्त्यांची वाक्यरचना बदलली. २०१४ चा 'बॅनिशिंग लाइट' हा अंगठीचा थेट वारसदार एकाच वाक्यात सांगतो की, हा पत्ता पट सोडेपर्यंत अमुक पत्ता हद्दपार राहील. 'जेव्हा–तेव्हा'च्या जागी 'तोपर्यंत' आले आणि पळवाट बुजली. बदल भविष्यलक्षी होता, पूर्वलक्षी नव्हता. ज्यांनी जुन्या शब्दांवर विसंबून जोड बांधले होते त्यांचा विश्वास शाबूत राहिला, आणि लेखकाचा हेतूही नव्या शब्दांत पूर्ण झाला.

माझे प्रतिपादन असे आहे : हेतू, शब्द आणि जाणकारांचा संकेत या तिन्हींपैकी कोणत्याही एकाला सर्वत्र प्रमाण मानून नियमाच्या संदिग्धतेचा प्रश्न सुटत नाही. स्पझमच्या बाबतीत शब्द हरतो, अंगठीच्या बाबतीत हेतू हरतो, आणि दोन्ही निर्णय आपल्याला न्याय्य वाटतात. दोहोंत समान काय आहे? अर्थ वादाच्या आधी निश्चित होता आणि दोघांनाही तो जाणता येण्याजोगा होता. संदिग्ध नियम अन्यायकारक ठरतो तो त्याला दोन अर्थ असतात म्हणून नव्हे. कोणता अर्थ कोणाच्या फायद्याचा हे उघड झाल्यानंतर त्यांतला एक निवडला जातो, म्हणून. पाने वाटण्याआधी हुकुमाची पद्धत कोणतीही ठरवा, कोणाचीही तक्रार नसते. हातात पाने आल्यावर तीच पद्धत ठरवू म्हटले की भांडण होते, आणि ते रास्त असते.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाचा आहे. अर्थ 'आधीच निश्चित' असणे मुळात शक्य आहे काय? विट्गेन्स्टाइनने (१९५३) दाखवून दिले की नियमाचा कोणताही अर्थ लावायला दुसरा नियम घेतला तर त्याचाही अर्थ लावावा लागतो, आणि ही मालिका संपत नाही. खेळातील सर्वांत कुप्रसिद्ध गाठ याच जातीची आहे. 'ह्युमिलिटी' (१९९७) हा पत्ता सर्व प्राण्यांच्या शक्ती हिरावून घेतो आणि त्यांना एक-एक बळाचे करतो. 'ओपॅलेसन्स' (१९९९) आपल्याव्यतिरिक्त इतर मंत्र-पत्त्यांना प्राणी बनवतो. ह्युमिलिटी हा स्वतः मंत्र-पत्ता आहे. दोन्ही पटावर आले की ह्युमिलिटी प्राणी होतो, आणि प्राणी झाल्यामुळे स्वतःचीच शक्ती गमावतो. मग ती गमवायला लावणारी शक्ती उरते कोठे? नियम स्वतःलाच पुसतो काय?

नियमकारांनी यावर थरांची व्यवस्था लावली. परिणाम ठरावीक थरांत, ठरावीक क्रमाने लागू होतात. एखादा परिणाम एका थरात लागू होऊ लागला की पुढच्या थरांत तो चालूच राहतो, त्याचा उगम मध्ये पुसला गेला तरी. आणि एकाच थरात दोन परिणाम भिडले तर, एक दुसऱ्यावर अवलंबून नसेल तेव्हा, पटावर नंतर आलेला बलवान. त्यामुळे ह्युमिलिटी शेवटी एक-एक बळाचा होतो की चार-चार, हे दोघांपैकी नंतर कोण आले यावर ठरते. पाणिनीय व्याकरण शिकलेल्याला हे वाचताना घरी आल्यासारखे वाटेल. समबल नियमांच्या विरोधात पर कार्य करावे, हा अष्टाध्यायीतील निर्णय. शेवटच्या तीन पादांतील नियम आधीच्या नियमांच्या दृष्टीने जणू घडलेच नाहीत असे मानण्याची युक्ती. हे सारे येथे वेगळ्या वेशात भेटते. भेद एकच, पण मोठा : परंपरेने पाणिनीचे परत्व ग्रंथातील स्थानाने मोजले, या खेळाचे परत्व घड्याळाने मोजतात. आणि त्या परत्वाचाही निकाल लागलेला नाही. २०२२ मध्ये केंब्रिज विद्यापीठात ऋषी राजपोपट यांनी मांडले की, सूत्रातील 'पर' शब्दाचा अर्थ सूत्रपाठात नंतरचा असा नसून शब्दात उजवीकडे असलेल्या घटकाला लागू होणारा असा आहे. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही. पण संदिग्धता मिटवणारा नियमच दोन सहस्रकांहून अधिक काळ संदिग्ध असू शकतो, आणि तरी त्या व्याकरणाने शब्दसिद्धी अखंड चालू राहते, ही गोष्ट विट्गेन्स्टाइनच्या शंकेला दिलेले व्यवहारातील उत्तरच होय. निश्चिती पूर्ण असावी लागत नाही; ती त्या डावापुरती, त्या वादाआधी असावी लागते.

याच ठिकाणी मीमांसेशी एक फरकही नोंदवायला हवा. अतिरात्रात षोडशी पात्र घ्यावे आणि घेऊ नये अशी दोन तुल्यबल वचने समोर आली तेव्हा मीमांसकांनी विकल्प मानला, जरी विकल्पाला आठ दोष चिकटतात हे त्यांनीच सांगितले. मॅजिकमध्ये एका पत्त्याने 'करता येईल' आणि दुसऱ्याने 'करता येणार नाही' म्हटले तर निषेधच जिंकतो. विकल्प नाही. यजमान एकटा असतो, त्याला निवड दिली तर कोणी हरत नाही. दोन गड्यांत निवड कोणाला द्यायची हाच तर वाद असतो.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो मला अधिक जड वाटतो. अर्थ आधी निश्चित असतो म्हणावे, तर तो बदलतो कसा? 'मॉग फॅनॅटिक' (१९९७) हा एक बळाचा प्राणी. त्याचा बळी देऊन कोणालाही एक इजा करता येते. १९९९ ते २००९ या काळात लढाईतील इजाही चळतीवर ठेवली जात असे. म्हणून त्याची इजा चळतीवर ठेवून, ती घडण्याआधी त्याचा बळी देऊन, एका प्राण्याकडून दोनदा काम करून घेता येई. २००९ मध्ये लढाईची इजा चळतीवर ठेवणे बंद झाले. पत्त्यावरचे अक्षर न हलता पत्ता दुबळा झाला. स्टॅन्ली फिश (१९८०) ज्या अर्थनिर्णायक समूहाविषयी लिहितो त्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. मात्र हा बदल सर्व पत्त्यांना सारखा लागू होता, आगाऊ जाहीर झाला होता, आणि कोणत्याही चालू डावाचा निकाल लावण्यासाठी केलेला नव्हता. त्याने काहींचे नुकसान झाले. अन्याय झाला असे मला म्हणवत नाही.

अन्यायाच्या जवळ जाणारी गोष्ट वेगळी होती. पत्त्याचा अधिकृत मजकूर छापील नसतो. तो कंपनीच्या 'ऑरकल' नावाच्या पाठसंग्रहात असतो, आणि छापील व अधिकृत पाठांत फरक पडला तर अधिकृत पाठ चालतो. अस्पष्ट वाक्ये स्वच्छ करण्यासाठी ही सोय आवश्यकच आहे. स्पझमला निवडीच्या जबाबदारीतून तिनेच मुक्त केले. पण बरीच वर्षे याच सोयीचा दुसरा उपयोगही होत होता. एखादा पत्ता अपेक्षेपेक्षा प्रबळ निघाला की त्याच्या अधिकृत पाठात छापील मजकुरात नसलेल्या अटी घातल्या जात आणि त्यालाच पाठशुद्धी म्हटले जाई. १९९३ चा 'टाइम व्हॉल्ट' आणि १९९६ चा 'फ्लॅश' हे असे वाकवलेले पत्ते. पुढे कंपनीने हे धोरण सोडले. २००७ मध्ये फ्लॅशचा आणि २००८ मध्ये टाइम व्हॉल्टचा पाठ छापील शब्दांच्या जवळ नेण्यात आला. परिणाम तात्काळ दिसले : फ्लॅश इतका प्रबळ झाला की त्याच वर्षी 'लेगसी' या स्पर्धाप्रकारात त्यावर बंदी घालावी लागली, आणि टाइम व्हॉल्ट 'व्होल्टेइक की' या दुसऱ्या पत्त्याशी जुळून न संपणाऱ्या पाळ्या देऊ लागला.

व्यवहारी माणूस म्हणेल, मग मिळवले काय? आधी पत्ता वाकवून निरुपद्रवी केला होता, नंतर सरळ करून त्यावर बंदी घातली. खेळ दोन्हींत सारखाच सुरक्षित. मला या दोहोंत एका प्रामाणिकपणाचे अंतर दिसते. बंदी म्हणते, 'या शब्दांचा अर्थ हा आहे, आणि तो आम्हाला चालत नाही.' वाकवलेला पाठ म्हणतो, 'या शब्दांचा अर्थ तो नव्हताच.' पहिल्यात सत्ता आपले नाव सांगून येते; दुसऱ्यात ती टीकाकाराचे सोवळे नेसून येते. साहित्याच्या अभ्यासकाने हे अंतर ओळखायला हवे, कारण अडचणीच्या ग्रंथाचा निषेध करण्याचे धैर्य नसले की त्याचा सोयीचा अन्वयार्थ लावण्याची प्रथा आपल्याकडेही जुनी आहे.

उरतो तो आक्षेप ज्ञानाच्या विषमतेचा. अर्थ दोघांनाही जाणता येण्याजोगा होता असे म्हटले, परंतु सर्वसमावेशक नियमावली जवळपास तीनशे पृष्ठांची आहे. अंगठीची युक्ती ज्याला पहिल्यांदाच, स्वतःचा पत्ता कायमचा जाताना कळते, त्याला 'तू वाचायला हवे होतेस' हे उत्तर कितपत पुरे? तत्त्वतः उपलब्ध असणे आणि प्रत्यक्षात उपलब्ध असणे यांत फरक आहे, आणि अनुभवी गडी त्या फरकावरच जगतो.

येथे स्पर्धेच्या नियमांनी घेतलेली भूमिका उद्बोधक आहे. माहितीचे वर्ग केले आहेत. काही माहिती, उदाहरणार्थ कोणाचे किती जीव उरले, विचारल्यावर खरी सांगावीच लागते. काही माहिती अशी असते की ती सर्वांना खुली असते पण तिच्यापर्यंत पोचायला कौशल्य लागते. वरच्या दर्जाच्या स्पर्धांत तिच्याबाबत मदत करण्याचे बंधन नाही. मौन चालते, खोटे मात्र चालत नाही. दुकानातल्या साध्या खेळात हीच माहितीही मोकळी मानली जाते. एखाद्या पत्त्याची आपोआप घडणारी क्रिया ज्याच्या ताब्यातली, त्यानेच ती लक्षात ठेवायची. समोरच्याने आठवण करून देणे बंधनकारक नाही, हे धोरण २०१२ पासून आहे. त्यावर नाराज असलेले गडी मला समजू शकतात. प्रतिस्पर्धी विसरला हे दिसत असताना गप्प बसणे कोणाला शोभते? तरीही मौन आणि फसवणूक यांची सीमा जेथे आखली आहे ती मला योग्य वाटते, आणि त्याचे कारण युधिष्ठिराच्या प्रसंगाने स्पष्ट होते. 'नरो वा कुंजरो वा' हे वाक्य शब्दशः खोटे नव्हते. पण बोलणाऱ्याने ते अशा क्षणी आणि अशा रीतीने उच्चारले की ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ विचारून घेण्याची संधीच मिळू नये. द्रोणांना कोणी पंच बोलावता येत नव्हता. या खेळात डाव थांबवून पंचाला विचारता येते : अधिकृत पाठ काय आहे, अमुक केले तर काय होईल. पंच सल्ला देत नाही, पण नियमाचा अर्थ सांगतो, आणि तो दोघांनाही सारखाच सांगतो. हर्बर्ट हार्टने (१९६१) ज्याला गुणलेखकाच्या मर्जीचा खेळ म्हटले तो हा नव्हे. पंचाचा निर्णय त्या स्पर्धेपुरता अंतिम असतो. बरोबर असतोच असे कोणी म्हणत नाही, आणि चूक निघाला तर उद्याचा पंच त्याने बांधला जात नाही. विचारण्याची वाट खरोखर उघडी असेल तरच मौनाचा अधिकार टिकतो. जेथे नवख्याला विचारायची भीती वाटते, किंवा विचारल्यावर हसतात, तेथे तोच अधिकार युधिष्ठिराच्या वाक्याकडे झुकतो.

विचारण्याची वाट कोणत्या भाषेत उघडी आहे, हाही प्रश्न आहे. हा खेळ जर्मन, फ्रेंच, जपानी, पोर्तुगीज अशा अनेक भाषांत छापला गेला. ओसाकातील गड्याच्या हातातला पत्ता जपानी बोलतो. पण वाद झाला तर प्रमाण ठरतो तो इंग्रजी पाठ. भाषांतर येथे वाचण्यापुरते आहे, निर्णयापुरते नाही. २००१ मध्ये 'अपोकॅलिप्स' या संचाच्या प्रकाशनपूर्व स्पर्धांसाठी 'फंगल शॅम्बलर' हा पत्ता तर चक्क संस्कृतात छापण्यात आला. ज्या भाषेत विधी आणि निषेध, उत्सर्ग आणि अपवाद, पर आणि अंतरंग यांची इतकी सूक्ष्म चर्चा झाली, तिच्यातला हा पत्ता संग्राहकांनी जपून ठेवला आहे. डावात तो टाकता येतो. त्याचा अर्थ काय, असे प्रतिस्पर्ध्याने विचारले तर पंच इंग्रजी पाठ काढून वाचून दाखवतो.